ग्रंथालयाच्या पोटातला छापखाना

आंबागडचा किल्ला भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेतल्या एका टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० सालाच्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला, त्यांनी त्याचा तुरुंग केला, आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी पाणी प्यायला लावत, असे सांगतात. किल्ल्याविषयी छापील मजकूर शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती बहुधा एवढेच लागते. हे एवढे तरी आले कुठून? चार्ल्स ग्रँटने १८७० मध्ये नागपुरात काढलेले मध्य प्रांताचे गॅझेटियर, आर. व्ही. रसेलने संपादलेले १९०८ चे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर, आणि मग १९७९ ची सरकारी सुधारित आवृत्ती. किल्ला तोच, माहितीही जवळपास तीच.

किल्ल्याचे धनी नागपूरचे, पण त्यांचा इतिहास छापला गेला तो भलत्याच ठिकाणी. भोसल्यांची वंशावळ सर्वांत आधी छापली गेली ती कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात, १८१६ च्या सुमारास, आणि तीही मोडी लिपीत. नागपूर दरबारातल्या घडामोडी पुण्याला कळवणारी पत्रे ‘नागपूर अफेअर्स’ या नावाने दोन खंडांत निघाली १९५४ आणि १९५९ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून. नागपूरची पत्रे पुण्यात का? तर ती नाना फडणिसाच्या मेणवलीच्या दप्तरात होती. दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी ते दप्तर मिळवले, त्यांच्या संग्रहाचे साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय झाले, आणि १९३९ मध्ये तो सगळा ठेवा डेक्कन कॉलेजात आला. तिथे तो सांभाळणारे आणि वाचणारे त्र्यंबक शंकर शेजवलकर. छापणारी संस्थाही तीच. कागदांचे रुमाल सोडणारा, नक्कल करणारा, टीपा लिहिणारा आणि पुस्तक काढणारा एकाच आवारात बसला, म्हणून नागपूरकरांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने उभा राहिला.

कागद जिथे असतात तिथेच छापण्याची सोय असेल तर पुस्तक होते. नसेल तर कागद गाठोड्यातच राहतात. मराठीतल्या संशोधनग्रंथांचा दोनशे वर्षांचा इतिहास या एका ओळीत मावण्यासारखा आहे.

हे सांगायला निमित्त आहे. गेल्या दोन दशकांत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी आपले प्रकाशनगृह ग्रंथालयाच्या हवाली केले. मिशिगन विद्यापीठाची प्रेस २००९ मध्ये ग्रंथालयाच्या प्रमुखांच्या अखत्यारीत गेली. पर्ड्यू, टेम्पल, नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांतही थोड्याफार फरकाने हेच घडले. कारण उघड आहे. विद्वानांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये. त्यांचा पैसा महागड्या नियतकालिकांच्या वर्गणीत जाऊ लागला, तेव्हा पुस्तकांची खरेदी आटली आणि प्रेस तोट्यात गेल्या. विकणारा आणि घेणारा दोघेही एकाच विद्यापीठाचे पगारी नोकर, तर मग एकत्रच का बसू नये, असा तो हिशेब. जॉन्स हॉपकिन्समध्ये तर त्याआधीच, १९९५ मध्ये, प्रेस आणि ग्रंथालय यांनी मिळून ‘प्रोजेक्ट म्यूझ’ हा नियतकालिकांचा इलेक्ट्रॉनिक उपक्रम सुरू केला होता. तिकडे या सगळ्याची चर्चा नवा प्रयोग म्हणून झाली. मराठी वाचकाला त्यात नवे वाटण्यासारखे फार नाही.

गोव्यात छापखाना उतरला तो ६ सप्टेंबर १५५६ रोजी, आणि बसला तो जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात. शाळा, ग्रंथसंग्रह आणि छापखाना तिथे एकाच छपराखाली होते. पुढच्या शतकात रायतूरच्या जेझुइट छापखान्यात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत उरलेली नाही. छापणाऱ्यांनी छापले, पण सांभाळणारे घर टिकले नाही, की असे होते. ते काव्य वाचले ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे, आणि सतराव्या शतकातल्या आवृत्त्यांनंतर ते पुन्हा छापले गेले थेट १९०७ मध्ये, मंगळुरात.

मराठी माणसाने स्वतः घडवलेले उदाहरण मात्र तंजावरचे. सरफोजी राजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्यकारभार काढून घेतला. किल्ला आणि त्याचा परिसर एवढेच हातात उरले. राज्य गेलेल्या राजाने मग पुस्तकांचे राज्य केले. श्वार्त्झ या पाद्र्याच्या हाताखाली शिकलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर युरोपातून मागवलेली हजारो पुस्तके भरली. त्यांतल्या कितीतरी पुस्तकांवर त्याची इंग्रजी सही आहे. काशीयात्रेला निघाला तरी पोथ्या जमवणे आणि नकला करून घेणे चालूच. आणि याच राजाने १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला. दक्षिणेत देवनागरी छपाईची ही सुरुवात. तिथे पुढच्या चार-पाच वर्षांत सख्खन पंडिताने मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापल्या गेल्या. पेशवाई अजून शाबूत होती तेव्हाची ही गोष्ट. पुण्यात त्या वेळी छापील मराठी पुस्तक ही चीज कोणाच्या गावी नव्हती, आणि कावेरीकाठी एक भोसला मुलांसाठी इसाप छापत होता.

तंजावरचा छापखाना मागे पडला, ग्रंथालय राहिले. ए. सी. बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने तिथल्या संस्कृत पोथ्यांची वर्गीकृत सूची केली, ती १८८० मध्ये छापली गेली लंडनला. तंजावरच्या पोथ्यांची यादी पाहायची तर पुस्तक विलायतेहून मागवायचे! ग्रंथालय सार्वजनिक झाले १९१८ मध्ये, आणि त्यानंतर ग्रंथालयाने स्वतःच पोथ्या प्रकाशित करायला सुरुवात केली. राजाने सुरू केलेले काम अशा रीतीने शंभर वर्षांनी परत रुळावर आले.

तंजावरला हे चालू होते त्याच काळात कलकत्त्याला दुसरा संसार थाटला होता. फोर्ट विल्यम कॉलेज १८०० साली निघाले, कंपनीच्या गोऱ्या साहेबांना देशी भाषा शिकवायला. तिथे मराठी शिकवायचा विल्यम कॅरी, आणि त्याचा छापखाना हुगळीपलीकडे श्रीरामपुरात. कॅरीच्या मदतीला होता वैजनाथ शर्मा. व्याकरण १८०५ मध्ये, कोश १८१० मध्ये, ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आणि पाठोपाठ ती भोसल्यांची वंशावळ. कॉलेजाला पाठ्यपुस्तके हवीत, छापखान्याला गिऱ्हाईक हवे. कॉलेज ठराविक प्रती आधीच विकत घेण्याची हमी देई आणि त्या कॉलेजाच्या ग्रंथालयात जात. प्रकाशनाचा धोका खरेदीदार ग्रंथालयाने आधीच उचलायचा, ही अमेरिकेत आज पुन्हा शोधली जाणारी युक्ती मराठी गद्याच्या जन्माला उपयोगी पडली होती. पुस्तके मात्र नागपूरच्या किंवा पुण्याच्या वाचकापर्यंत फारशी पोचली नाहीत. ज्या भोसल्यांची वंशावळ छापली, त्यांच्या मुलखात तेव्हा छापखाना नव्हता, आणि वाचणारे होते ते पोथी वाचणारे.

महाराष्ट्रात ग्रंथालय आणि छापखाना यांचे हे लग्न जमले ते पुण्यात, पण त्याआधी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जावजी दादाजी चौधरी हा गरिबाघरचा मुलगा, अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागलेला. त्याने आधी टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये छापखाना. विद्यापीठ नाही, सरकारी अनुदान नाही, पण संस्कृत ग्रंथांची अशी शुद्ध आणि देखणी छपाई देशात दुसरीकडे होत नव्हती. जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांच्या संपादनाखाली १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघू लागली आणि राजेरजवाड्यांच्या व पंडितांच्या संग्रहांतले, कोणी न पाहिलेले संस्कृत काव्य महिन्यामहिन्याला छापून येऊ लागले. छापखान्यात शास्त्री नोकरीला असत. खिळे जुळवणारा आणि पाठ तपासणारा यांच्यात फक्त एका भिंतीचे अंतर. जगभरच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत निर्णयसागरची पुस्तके गेली. विद्यापीठांनी करायचे काम एका खिळेवाल्याने केले, हे मराठी विद्यापीठांनी कधीतरी मनाला लावून घ्यायला हवे होते.

आता पुण्याकडे. सरकारने पोथ्या गोळा करायला १८६६ च्या सुमारास सुरुवात केली. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटरसन हे प्राध्यापक गावोगाव फिरून पोथ्या विकत घेत, नकला करून घेत. जमलेला संग्रह डेक्कन कॉलेजात ठेवला होता. त्याच सुमारास ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी बॉम्बे संस्कृत सिरीज सुरू केली, म्हणजे एका हाताने पोथ्या जमवायच्या आणि दुसऱ्या हाताने छापायच्या. भांडारकरांच्या नावाने ६ जुलै १९१७ रोजी प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघाले आणि १९१८ मध्ये सरकारने हा पोथीसंग्रह तिकडे सोपवला. पाठोपाठ ग्रंथमालाही आली. भांडारकरांनी आपली स्वतःची पुस्तकेही संस्थेला दिली. आजच्या भाषेत सांगायचे तर ग्रंथालय आणि प्रकाशन यांचे हे विलीनीकरण होते. तेव्हा त्याला असे भारदस्त नाव कोणी दिले नाही, एवढेच.

संस्थेने लगेच जे काम अंगावर घेतले त्याने तिची पुढची पन्नास वर्षे खाल्ली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती. भांडारकरांनी १ एप्रिल १९१९ रोजी पहिली ओळ लिहून आरंभ केला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले होते. खरा जोर आला तो १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुकथनकर मुख्य संपादक झाल्यावर. बर्लिनला ल्यूडर्सच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस. देशभरच्या संग्रहांतून पोथ्या मागवायच्या. ज्या येऊ शकत नाहीत त्यांची मिळवणी तिथेच करून घ्यायची. दक्षिणेतल्या पोथ्यांसाठी असे एक केंद्र कुठे उघडले? तंजावरच्या सरस्वती महालात. दुसरे शांतिनिकेतनात. सरफोजींनी जमवलेल्या पोथ्या अशा वाटेने पुण्याच्या छापील पानावर आल्या.

ते छापील पान एकदा पाहण्यासारखे आहे. वर ठरवलेली संहिता. जिथे पाठ शंभर टक्के पक्का नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. खाली बारीक टाइपात पाठभेद, प्रत्येक पोथीला एक खूण, काश्मिरी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांप्रमाणे गट केलेले. एकट्या आदिपर्वासाठी साठेक पोथ्या मिळवून पाहिल्या होत्या. हे सगळे हाताने खिळे जुळवून. एका अक्षराची खूण सरकली की पोथ्यांचा अख्खा हिशेब चुकायचा. दोन अध्यायांचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला, आदिपर्व पुरे झाले १९३३ मध्ये. सुरुवातीचे भाग निर्णयसागरने छापले, पण प्रुफे पुणे-मुंबई वाऱ्या करत राहणार आणि संपादक रोज एखादा पाठ बदलणार, हे किती दिवस चालायचे? संस्थेने आपल्याच आवारात मुद्रणालय उभे केले आणि काम तिकडे आले. पोथी, संपादक आणि खिळे आता हाकेच्या अंतरावर होते. आदिपर्वाच्या छपाईत हा खांदेपालट झालेला दिसतो: आधीची पाने निर्णयसागरच्या कोलभाट गल्लीतली, नंतरची भांडारकर संस्थेच्या मुद्रणालयातली.

सुकथनकर १९४३ मध्ये गेले. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी काम पुढे नेले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ततेचा समारंभ झाला. एकोणीस खंड, १२५९ हस्तलिखितांचा आधार, ८९ हजारांहून अधिक श्लोक. यातल्या बहुतेक काळात संस्थेचे क्युरेटर होते परशुराम कृष्ण गोडे, १९१९ पासून १९६१ पर्यंत. पोथ्यांची वर्णनात्मक सूची करायची, ती छापून काढायची, ‘ॲनल्स’ हे नियतकालिक संपादायचे, आणि उरलेल्या वेळात पानाच्या विड्यापासून दुर्बिणीपर्यंत हाताला लागेल त्या विषयाचा इतिहास लिहायचा. ग्रंथपाल, सूचीकार, संपादक, लेखक ही चार पदे त्या एकाच माणसाच्या अंगावर होती आणि चारही शोभली. आताच्या भरती-नियमांत गोड्यांना कोणत्या रकान्यात बसवायचे, असा प्रश्न पडेल.

पुण्याला सरकारी पोथ्या आणि संस्थानिकांचा पैसा होता. मुंबईत हेच काम वर्गणीदारांच्या ग्रंथालयाने करून दाखवले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. वाचकांना कादंबऱ्या देणे हे त्याचे रोजचे काम. पण १९४८ मध्ये त्याने मराठी संशोधन मंडळ काढले आणि अनंत काकबा प्रियोळकरांना संचालक नेमले. मूळचे गोव्याचे, काटेकोर आणि भांडखोर म्हणावे इतके चिकित्सक. त्यांनी ‘मराठी संशोधन पत्रिका’ चालवली, जुन्या काव्याच्या शुद्ध आवृत्त्या काढल्या, आणि गोव्यातल्या पहिल्या छापखान्याला चारशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने भारतातल्या मुद्रणाचा इतिहास लिहिला. तो इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये मंडळानेच प्रसिद्ध केला. भारतातल्या मुद्रणाच्या आरंभावर कोणीही लिहू लागले की आजही प्रियोळकरांचे बोट धरावे लागते. आणि तो ग्रंथ विद्यापीठाच्या प्रेसने नव्हे, एका सार्वजनिक वाचनालयाच्या शाखेने काढला आहे. ग्रंथालयाजवळ जुन्या मराठी पुस्तकांचा साठा होता म्हणून संशोधन झाले, आणि संशोधन झाले म्हणून त्या साठ्याची किंमत कळली.

आता वैनगंगेकडे. विदर्भात या कामाला घर मिळायला वेळ लागला. कॉलेजे होती, हिस्लॉप १८८३ चे, मॉरिस १८८५ चे. पण विद्यापीठ १९२३ पर्यंत नव्हते. पोथ्या मठांत, मालगुजारांच्या वाड्यांत, शास्त्र्यांच्या माळ्यावर. रायबहादुर हिरालाल यांनी सरकारच्या वतीने घरोघरच्या पोथ्यांचा शोध घेतला आणि मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुरात छापली गेली. पोथ्या मात्र ज्याच्या त्याच्या घरीच राहिल्या. म्हणजे सूची छापील, पण सूचीतले ग्रंथालय प्रत्यक्षात कुठेच नाही, असा हा विलक्षण प्रकार. शंभर वर्षांनंतर त्या यादीतल्या किती पोथ्या जागेवर सापडतील याचा विचार न केलेला बरा.

महानुभावांची गोष्ट त्याहून अवघड. त्यांचे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत, मठांच्या ताब्यात. चक्रधरस्वामींच्या ‘लीळाचरित्रा’त भंडाऱ्याचा माणूस आहे, नीळभट भांडारेकर, स्वामींच्या जवळच्या शिष्यांपैकी एक. पण भंडाऱ्याच्या वाचकाला तो छापील पानावर भेटायला विसावे शतक उजाडावे लागले. लिपी उलगडली, यवतमाळच्या शारदाश्रमात यशवंत खुशाल देशपांड्यांनी पोथ्या जमवल्या, आणि हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून नागपुरात ‘लीळाचरित्र’ भागाभागाने छापले. हे सगळे वैयक्तिक हिमतीवर. विष्णु भिकाजी कोलते यांची संपादित आवृत्ती आली १९७८ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाकडून.

नागपूर विद्यापीठाच्या परिघात ज्याने प्रकाशनाची खरी सवय लावली तो माणूस वासुदेव विष्णु मिराशी. मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात देशातल्या पहिल्या पंक्तीचे. त्यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये संशोधन मंडळ निघाले, तेच आजचे विदर्भ संशोधन मंडळ. ग्रंथसंग्रह आणि प्रकाशन दोन्ही तिथेच. मिराशींचे लेख ‘संशोधन मुक्तावलि’ या मालेतून मंडळाने काढले. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा मराठी ग्रंथ १९५७ मध्ये नागपूर विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यांचा वाकाटक लेखांचा मोठा इंग्रजी संग्रह सरकारने १९६३ मध्ये छापला, म्हणजे मराठी वाचकाला तो विषय सहा वर्षे आधी हाती आला. विद्यापीठाने आपल्या मुलखाचा इतिहास आपल्या भाषेत आधी छापावा, ही गोष्ट नंतरच्या काळात दुर्मीळ झाली.

भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर विद्यापीठाचे सर्वांत मोठे देणे पवनीचे. वैनगंगेकाठचे हे गाव, तटबंदी असलेले. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्तंभलेख पवनीतच सापडला आणि मिराशींनी तो प्रकाशात आणला. मग १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले. विद्यापीठाकडून शांताराम भालचंद्र देव, सर्वेक्षणाकडून जगत्पती जोशी. जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूरच्या टेकाडाखाली बौद्ध स्तूप निघाले. कोरीव कठड्याचे खांब, दात्यांची नावे सांगणारे ब्राह्मी लेख, मुचलिंद नाग. भारहुत आणि सांची यांच्या पंगतीला बसणारे हे काम. त्याचा सचित्र अहवाल नागपूर विद्यापीठाने १९७२ मध्ये स्वतः छापला. खणल्यापासून दोन वर्षांत अहवाल! भारतीय पुरातत्त्वात उत्खननाचे अहवाल वीस-वीस वर्षे रखडतात, कित्येक निघतच नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन वर्षांची किंमत कळेल. देवांचे टाकळघाट-खापा १९७० मध्ये, माहुरझरी १९७३ मध्ये, ही महापाषाणी दफनांची पुस्तकेही विद्यापीठाचीच. या काळात, १९६६ ते १९७२, कुलगुरू होते कोलते. पोथीवर डोळे झिजवलेला माणूस कुलगुरूच्या खुर्चीत असला की विद्यापीठाचे प्रकाशन हलते.

हा योगायोग म्हणावा तर कोल्हापुरातही तेच दिसते. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले, पहिले कुलगुरू इतिहासकार आप्पासाहेब पवार, आणि त्यांनी संपादलेली ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ १९६९ पासून विद्यापीठानेच काढली. व्यक्ती होती तोवर काम चालले. व्यवस्थेत मात्र ते मुरले नाही, हीच खरी तक्रार.

त्याच सुमारास सरकारने वेगळी वाट धरली. प्रादेशिक भाषांत उच्च शिक्षण द्यायचे तर पुस्तके हवीत, म्हणून केंद्राने १९६८ नंतर प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत मदत देऊ केली. महाराष्ट्रात त्यातून महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ निघाले, पत्ता नागपूरचा. तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, विज्ञान अशा विषयांवर जाणकारांनी लिहिलेली मराठी पुस्तके सत्तरच्या दशकात या मंडळाने काढली. सगळ्या विद्यापीठांनी मिळून एक प्रकाशनगृह चालवायचे ही कल्पना फार चांगली होती. पण ते मंडळ कोणत्याच ग्रंथालयाला बांधलेले नव्हते. पुस्तके कोणाला हवीत, कोणत्या विषयाला वाचक आहे, कोणती संपली, हे रोज पाहणारा माणूस ग्रंथपाल. आणि त्याला विचारायची प्रथाच नव्हती.

विद्यापीठांतही हळूहळू भिंत उभी राहिली. विद्यापीठाचे मुद्रणालय म्हटले की उत्तरपत्रिका, अर्ज, नियमावल्या, गुणपत्रके हेच डोळ्यापुढे येते. प्रकाशन विभाग वेगळा, त्याचा साठा वेगळ्या खोलीत, विक्री खिडकीवर कार्यालयीन वेळेत. ग्रंथालय तिसऱ्या इमारतीत. तिघांचे हिशेब तीन, तिघांचे साहेब तीन. एखाद्या जिल्ह्यातल्या शिक्षकाने विद्यापीठाचेच पुस्तक मागितले तर ते ग्रंथालयात आहे पण विक्रीला नाही, किंवा विक्रीला आहे पण यादीत नाही, अशी गंमत होऊ शकते.

एक प्रसंग मात्र असा की तिथे प्रेस आणि ग्रंथालय यांचे नाते सगळ्या महाराष्ट्राला कळले, आणि कळले ते वाईट रीतीने. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ मध्ये काढले, आक्षेप आल्यावर नोव्हेंबरात भारतातून मागे घेतले. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात भांडारकर संस्थेशी संबंधित अभ्यासकांची नावे होती. ५ जानेवारी २००४ रोजी संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी संस्थेवर हल्ला केला. कपाटे पाडली, पुस्तके आणि हस्तलिखिते विस्कटली, फाडली. पुस्तकातला मजकूर निषेधार्ह होता की नाही हा वाद वेगळा. छापणारी प्रेस एक, मार खाल्ला तो ज्याने फक्त पोथ्या वाचायला दिल्या त्या ग्रंथालयाने. त्या दिवसानंतर कित्येक सामान्य लोक फाटलेली पाने लावायला मदत करायला गेले, हेही नोंदवायला हवे.

आता खिळे गेले, आणि त्यांच्याबरोबर छापखान्याचा खर्चही गेला. शोधप्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करण्याचा नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये केला आणि त्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ सुरू झाली. ती चालवणाऱ्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचा आरंभ १९९१ मध्ये पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छायेत झाला होता. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातला प्रबंध ग्रंथालयाने चढवला की साकोलीतला विद्यार्थी मोबाइलवर उघडू शकतो. म्हणजे ग्रंथालय प्रकाशक झालेच आहे, कोणी तसा ठराव केला नसला तरी. पण चढवणे म्हणजे प्रकाशन नव्हे. शोधगंगेवर प्रबंध जसाच्या तसा पडतो. त्यातली चूक काढणारा, सूची जोडणारा, वाचनीय करणारा गोडे तिथे नसतो. कात्री चालवणारा संपादक आणि कपाट सांभाळणारा ग्रंथपाल यांना एका टेबलाशी बसवायचे काम अजून बाकी आहे.

नागपूर विद्यापीठाला सुरुवात करायची तर पैसा फार लागणार नाही. देव-जोशींचा पवनीचा अहवाल, टाकळघाट-खापा, माहुरझरी ही आपलीच पुस्तके ग्रंथालय आणि प्रकाशन विभाग यांनी मिळून नीट संपादित स्वरूपात खुली करावीत, आणि पवनीच्या अहवालाची शाळा-कॉलेजांच्या शिक्षकांना वापरता येईल अशी मराठी आवृत्ती काढावी. दुसरे काम हिरालालांची १९२६ ची सूची हातात घेऊन घरोघर फिरण्याचे. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखांदूर इथल्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल आणि पोथ्या अजून असणार. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांनी रद्दीत घालण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा विदर्भ संशोधन मंडळाला एकदा दाखवाव्यात. मूळ कागद देण्याची गरज नाही, छायाचित्रे घेऊ दिली तरी पुरे.